घर डोक्यात नको, वहीत हवं



प्रशिक्षणाची तारीख सांगितली की बैठकीत एक वाक्य हमखास ऐकू येतं. "आली असती वो ताई, पण घर कोन पाहीन?" आरसेटीचं निवासी प्रशिक्षण असो, प्रभागसंघाची सभा असो की बहिणीच्या पोरीचं लग्न, उत्तर तेच. यात सगळ्यात काळजीची गोष्ट दवाखान्याची आहे. डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलेलं असतं, तारीखही मिळालेली असते. ताई म्हणते, सोयाबीन निघू द्या, मग पाहू. सोयाबीन निघतं, तर कापसाची वेचणी येते, मग तुरी येतात. वर्ष निघून जातं आणि दुखणं अंगावरच राहतं.

ताई बहाणा करते असं नाही. तिच्याशिवाय घर खरंच अडतं. सासूबाईंची बीपीची गोळी कोणत्या डब्यात आहे, गॅसचं पुस्तक कुठं ठेवलं, पोराला शाळेत काय न्यायचं आहे, दुधाचे किती पैसे यायचे आहेत, हे सगळं एकट्या बाईच्या डोक्यात असतं. ती गावाला गेली की घराची किल्ली लोकांजवळ राहते, पण घराची माहिती तिच्यासोबत बसमध्ये बसून जाते.

आता आपल्या गटाकडे पाहा. गटाचा व्यवहार आपण सचिवाच्या डोक्यात ठेवतो का? नाही. हजेरी, बचत, कर्ज, परतफेड सगळं वहीत असतं. पंचसूत्रीतलं लेखे ठेवण्याचं सूत्र त्यासाठीच आहे. सचिव बदलली, आजारी पडली, तरी गट चालतो. जे आपण गटासाठी दर आठवड्याला करतो, तेच घरासाठी करायचं आहे. रोजचं घर आणि कुटुंबाचा प्रवास या दोन्ही गोष्टी त्यानं सोप्या होतात. कसं करायचं ते या लेखात क्रमानं पाहू.

घराची वही: फक्त चार पानं

शंभर पानी वही घ्या किंवा पोरांची अर्धी उरलेली वही घ्या. सुरुवातीला चारच पानं लिहायची आहेत. स्वतःला लिहिता येत नसेल तर आपण सांगायचं आणि मुलीनं, मुलानं लिहायचं. त्यात एक फायदाही आहे. लिहिता लिहिता त्यालाही घर कळतं.

पहिलं पान कागदपत्रांचं. आधार कार्ड, रेशन कार्ड, बँकेचं पासबुक, आयुष्मान कार्ड, सातबारा, पोरांचे दाखले, लसीकरणाचं कार्ड, विम्याचे कागद. प्रत्येकापुढं ते कुठं ठेवलं आहे ते लिहा: "आलमारीतली निळी फाइल" किंवा "लोखंडी पेटी". सगळ्या कागदांच्या दोन झेरॉक्स काढून वेगळ्या प्लास्टिकच्या थैलीत ठेवा. एटीएमचा पिन मात्र या वहीत लिहायचा नाही.

दुसरं पान फोन नंबरांचं. मोबाइल हरवला किंवा चार्जिंग संपलं तर आपल्याला नवऱ्याचाही नंबर पाठ नसतो. घरच्यांचे, शेजारच्या काकूंचा, आशाताईंचा, गटाच्या अध्यक्षांचा, गावातल्या गाडीवाल्या भावाचा, गुरांच्या डॉक्टरांचा नंबर लिहा. त्याखाली हे सरकारी नंबर: रुग्णवाहिका १०८, गरोदर माता आणि लहान बाळासाठी १०२, कोणत्याही संकटात ११२, महिला हेल्पलाइन १८१, मुलांसाठी १०९८, रेल्वेसाठी १३९.

तिसरं पान औषधांचं. घरात कोणाला कोणती गोळी, सकाळी की रात्री, जेवणाआधी की नंतर, आणि महिन्याच्या कोणत्या तारखेला गोळ्या संपतात. कोणाला एखाद्या औषधाची रिअॅक्शन झाली असेल तर तेही लाल पेनानं लिहा. दवाखान्यात हे पान दाखवलं की अर्धे प्रश्न तिथंच संपतात.

चौथं पान कामांचं. या पानाला दोन रकाने करा, काम आणि माणूस. हे पान सगळ्यात अवघड आहे, म्हणून त्याबद्दल वेगळं लिहिते.

वस्तूला जागा, कामाला माणूस

आपला जिल्हा गांधीजींचा. सेवाग्रामला बापू कुटी पाहायला आपण पोरांना नेतो. पुढच्या वेळी जाल तेव्हा एक गोष्ट मुद्दाम पाहा. कुडा-मातीची साधी खोली, मोजक्या वस्तू आणि प्रत्येक वस्तूची ठरलेली जागा. घर मोठं असलं म्हणजे नीट राहतं असं नाही. वस्तूला जागा ठरलेली असली की दोन खोल्यांचं घरही नीट राहतं.

सगळं घर एकदम आवरायला काढू नका. रोज ज्या पाच वस्तू शोधण्यात वेळ जातो, तेवढ्याच घ्या. बहुतेक घरांत त्या सारख्याच निघतात: गाडीची किल्ली, मोबाइलचं चार्जर, बॅटरी म्हणजे टॉर्च, नेलकटर आणि कात्री, आणि रोजच्या गोळ्या. दाराजवळ दोन खिळे, एक छोटी टोपली, एक झाकणाचा डबा एवढ्यात त्यांची सोय होते. वस्तू वापरणाऱ्यानंच ती जागेवर ठेवायची, हा नियम सगळ्यांना एकच. मुलीला एक आणि मुलाला वेगळा, असं नको.

स्वयंपाकखोलीत डब्यांना नावं चिकटवा. आपल्याला नावांची गरज नाही हे खरं. पण आपण नसताना चहा करणाऱ्याला साखर आणि मीठ वेगळं ओळखता आलं पाहिजे.

आता कामाला माणूस. चौथ्या पानावर दिवसभराची कामं लिहायला बसा. पाणी भरणं, अंगण झाडणं, गुरांचं शेण-चारा, स्वयंपाक, भांडी, कपडे, पोरांचा अभ्यास, आजीच्या गोळ्या, दळण, रेशन आणणं. समोर सध्या करणाऱ्याचं नाव लिहा. बहुतेक ओळींपुढं एकच नाव येईल. कोणाला दोष द्यायला हे पान लिहायचं नाही. सगळ्यांनी मिळून ते डोळ्यांनी पाहावं एवढाच हेतू आहे. भांडणात जे पटत नाही, ते कागदावर बघून पटतं.

मग प्रत्येक कामापुढं दुसरं नाव लिहा. "मी नसताना कोण?" पहिल्या महिन्यात फक्त दोन कामं दुसऱ्याकडं सोपवा. दहा वर्षांचा मुलगा पाणी भरू शकतो, स्वतःची थाळी धुऊ शकतो. घरधनी दळण आणि आजीची गोळी सांभाळू शकतात. आपल्यासारखं काम होणार नाही. पोळीचा नकाशा होईल, भाजी खारट होईल. तेव्हा हातातून काम परत घेऊ नका. एकदा परत घेतलं की ते कायमचं आपल्याकडंच येतं.

आठवड्याचा एक वार घराचा ठरवा. त्या दिवशी माठ, टाकी, कुलरमधलं पाणी पूर्ण ओतून भांडी घासून कोरडी करायची. डेंग्यूचा डास साठवलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि अंड्याचा डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळला की ती साखळी तुटते. त्याच दिवशी औषधाचं पान आणि किराण्याची यादी पाहून घ्या.

दवाखान्याची थैली कायम भरलेली

दवाखान्यात जायची वेळ सांगून येत नाही. रात्री दोन वाजता सेवाग्रामला किंवा सावंगीला निघायचं झालं तर रेशन कार्ड शोधण्यात अर्धा तास जाऊ नये. एक कापडी थैली वेगळी करा आणि दाराच्या वरच्या खुंटीला टांगून ठेवा. तिच्यात हे ठेवा:

• रेशन कार्ड, आधार कार्ड, आयुष्मान कार्ड यांच्या झेरॉक्स
• जुने रिपोर्ट, एक्स-रे, दवाखान्याचं जुनं कार्ड, तारखेनुसार लावलेले
• औषधांच्या पानाची नक्कल
• एक चादर, टॉवेल, लुगडं किंवा गाऊन, साबण, पेला, चमचा
• सॅनिटरी पॅड, जुनी स्वच्छ कापडं
• पाचशे ते हजार रुपये, त्यातले काही सुटे

खरी कागदपत्रं निघताना निळ्या फाइलमधून उचलायची. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत योजना आपल्या राज्यात एकत्र चालतात. योजनेत असलेल्या दवाखान्यात आणि योजनेत बसणाऱ्या आजारांसाठी कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतच्या उपचाराचं संरक्षण आहे. त्यासाठी रेशन कार्ड आणि फोटोचं ओळखपत्र लागतं. अशा दवाखान्यात आरोग्यमित्राचं टेबल असतं. भरती झाल्यावर पैसे भरायच्या आधी घरच्या एकानं तिथं जाऊन विचारायचं, हे वहीत मोठ्या अक्षरात लिहून ठेवा.

घरात गरोदर ताई असेल तर सातव्या महिन्यापासून तिची थैली वेगळी करा. माता व बाल संरक्षण कार्ड, बाळाचे मऊ धुतलेले कपडे, टोपडं, दुपटं त्यात हवं.

गावाला जायचं ठरलं

आता आनंदाचा प्रवास. शेगावला गजानन महाराजांचं दर्शन, आषाढीला पंढरपूर, नागपूरला दीक्षाभूमी, गिरडचा दर्गा, पचमढीची महादेवाची यात्रा, नाहीतर उन्हाळ्यात माहेर. कुठंही जा, तयारी एकच.

सगळ्यात आधी तारीख. शेतीचा हंगाम, पोरांची परीक्षा आणि गटाची बैठक या तीन गोष्टी कॅलेंडरवर पाहा. बैठकीच्या दिवशी आपण नसणार असू तर आधीच अध्यक्षांना सांगा, बचत आणि हप्ता आधी देऊन नोंद करून घ्या. देवदर्शनासाठी परतफेड थकली असं व्हायला नको.

एसटीच्या सवलती लक्षात ठेवा. १७ मार्च २०२३ पासून महिला सन्मान योजनेत सगळ्या महिलांना एसटीचं तिकीट अर्धं आहे. ७५ वर्षांवरच्या आजी-आजोबांना अमृत ज्येष्ठ नागरिक योजनेत प्रवास मोफत, आणि ६५ ते ७५ वयाच्यांना अर्धं तिकीट. ५ ते १२ वर्षांच्या मुलांनाही अर्धं, त्यापेक्षा लहान बाळाला तिकीट नाही. ही सवलत खाजगी ट्रॅव्हल्सला नाही आणि एसटीतही राज्याच्या हद्दीपर्यंतच आहे. पचमढी मध्य प्रदेशात येते, तेव्हा तिथला हिशोब वेगळा धरा. वयाचा पुरावा म्हणून आधार कार्ड जवळ असू द्या.

रेल्वेनं जाणार असाल तर ६० दिवस आधी आरक्षण सुरू होतं. ५ ते १२ वर्षांच्या मुलाला वेगळी बर्थ नको असेल तर अर्धं तिकीट लागतं, बर्थ हवी असेल तर पूर्ण. अर्जावर वय बरोबर लिहा. ४५ वर्षांवरच्या महिलांना आणि गरोदर ताईंना जागा शिल्लक असेल तर खालची बर्थ देण्याची सोय आहे. वय कमी लिहिण्याची हौस इथं महागात पडते.

एक गोष्ट खास आपल्या जिल्ह्याची. वर्धा आणि सेवाग्राम ही दोन वेगवेगळी स्टेशनं आहेत. बडनेरा, अकोला, शेगाव, मुंबईकडं जाणारी गाडी वर्ध्यावरून जाते. नागपूरहून हिंगणघाट, बल्लारशाकडं जाणारा मार्ग सेवाग्रामवरून जातो. काही गाड्या एकाच ठिकाणी थांबतात. तिकिटावर कोणतं स्टेशन छापलं आहे ते आदल्या दिवशीच वाचून घ्या, नाहीतर सामान घेऊन ऐन वेळी ऑटोमागं धावायची पाळी येते. नावाचा घोळ आपल्याकडं जुनाच आहे. गांधीजी १९३६ साली राहायला आले तेव्हा सेवाग्रामचं नावही शेगावच होतं. टपाल बुलढाणा जिल्ह्यातल्या शेगावला जायचं, म्हणून १९४० मध्ये सेवाग्राम असं नाव ठेवलं गेलं. पत्ता नीट नसला की बापूंचीही पत्रं भलतीकडं जायची, तर आपलं काय!

पैशाचं गणित आधी

प्रवासासाठी कर्ज काढू नका. वेगळा प्रवास डबा ठेवा. आठवड्याला २० रुपये टाकले तर वर्षाला १,०४० रुपये होतात, ५० टाकले तर २,६००. गटाच्या बचतीला मात्र हात लावायचा नाही.

खर्च कसा काढायचा ते पाहा. समजा एसटीचं पूर्ण तिकीट १०० रुपये आहे. घरधन्याचे १००, ताईचे ५०, आठ वर्षांच्या मुलीचे ५०, चार वर्षांच्या मुलाचे काही नाही, ७६ वर्षांच्या आजीचे काही नाही. म्हणजे जायला २०० आणि यायला २००. दोन-चार रुपये इकडं तिकडं होतील. त्यात ऑटो, जेवण, मुक्काम, प्रसाद-खेळणी आणि अडीअडचणीचे पैसे असे रकाने मांडा. अडीअडचणीचे पैसे एकूण खर्चाच्या पाचव्या हिश्शाइतके तरी असावेत.

सगळे पैसे एका पाकिटात ठेवायचे नाहीत. थोडे वर खर्चाला, थोडे आतल्या कप्प्यात, थोडे घरातल्या दुसऱ्या माणसाजवळ. प्रवासात कोणी फोन करून ओटीपी मागितला तर सांगायचा नाही. यात्रेच्या गर्दीत दागिने घालून मिरवायचं नाही. नथ घरी राहिली तरी देव ओळखतो.

बांधाबांध

एक माणूस, एक थैली. आठ वर्षांवरच्या मुलानं स्वतःची थैली स्वतः भरायची आणि स्वतः उचलायची. आपण फक्त यादी द्यायची. त्यामुळं सगळं सामान एका बोचक्यात आणि बोचकं बाईच्या डोक्यावर, असं होत नाही. थैलीत खाली रात्रीचे कपडे, वर लागणारं सामान. ओल्या कपड्यांसाठी एक रिकामी प्लास्टिकची थैली.

खाण्यासाठी टिकणारे पदार्थ घ्या. दुधात भिजवलेल्या दशम्या, तिखट-मिठाच्या पुऱ्या, जवसाची किंवा शेंगदाण्याची कोरडी चटणी, मुरमुऱ्याचा चिवडा, फुटाणे, गूळ. उन्हाळ्यात भात आणि ओली भाजी लवकर आंबते, ती पहिल्याच जेवणात संपवा.

पाण्याबद्दल थोडं स्पष्ट बोलते. रस्त्यात बाथरूमला जायची सोय नसते म्हणून पुष्कळ ताया सकाळपासून पाणीच पीत नाहीत. आपल्याकडं मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो. अशा उन्हात पाणी न पिणं म्हणजे चक्कर, लघवीची जळजळ आणि ऊन लागणं. पाणी प्या आणि बसस्थानक आलं की आठवणीनं जाऊन या, पोरींनाही न्या. आशाताईकडून ओआरएसची पाकिटं घेऊन ठेवा. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ मिसळा. चमचा चहाचा लहान घ्यायचा. मीठ जास्त नको.

ज्यांना गाडी लागते त्यांना पुढच्या बाजूला खिडकीजवळ बसवा, निघताना भरपेट जेवू देऊ नका, जवळ आवळासुपारी आणि दोन रिकाम्या पिशव्या ठेवा. रोजच्या गोळ्या दोन दिवसांच्या जास्त घ्या आणि त्या आपल्या हातातल्या पर्समध्येच असू द्या.

लहान मुलांच्या खिशात नाव आणि दोन फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवा. सकाळीच मुलांचा एक फोटो मोबाइलवर काढा, म्हणजे आज कोणते कपडे घातलेत ते सांगता येतं. गर्दीत शिरण्याआधी भेटायची एक जागा सगळ्यांना दाखवा.

निघताना आणि आल्यावर

निघायच्या दिवशी एका माणसानं ही यादी मोठ्यानं वाचायची आणि दुसऱ्यानं हात लावून पाहायचं:

• गॅसचा रेग्युलेटर बंद, चुलीतला विस्तव विझवलेला
• नळ आणि मोटर बंद
• फ्रीज रिकामा असेल तर मेन स्विच बंद
• साठवलेलं उघडं पाणी ओतून दिलेलं, टाकीला झाकण
• गुरं, शेळ्या, कोंबड्यांचा चारा-पाणी कोण पाहणार ते पक्कं
• दागिने आणि मोठी रोकड घरात नाही
• किल्ली कोणाजवळ, आणि आपण कधी परतणार ते त्यांना सांगितलेलं
• तिकीट, आधार कार्ड, मोबाइल, चार्जर, गोळ्या

परत आल्यावर थैल्या त्याच दिवशी रिकाम्या करा आणि खर्च वहीत लिहा. पुढच्या वर्षीचं अर्धं काम तिथंच होतं.

एक दिवस करून पाहा

वही लिहून झाली की तिची परीक्षा घ्या. घरच्यांना आधी सांगून महिन्यातला एक दिवस सकाळपासून संध्याकाळपर्यंत घराबाहेर राहा. प्रभागसंघाच्या सभेला जा, माहेरी जा, स्वतःची तपासणी करून या. घरून फोन आला, "अमुक कुठं आहे?" तर उत्तर एकच द्यायचं, "वहीत पाहा." संध्याकाळी येऊन विचारायचं की काय सापडलं नाही. जे सापडलं नाही ते त्याच रात्री वहीत लिहायचं. दोन-तीन महिन्यांत वही पक्की होते.

सासूबाई किंवा घरधनी म्हणतील, हे काय नवीन काढलं? त्यांना दवाखान्याची थैली दाखवा. ती पटते, कारण तिचा उपयोग सगळ्यांनाच आहे. बाकीची पानं मग हळूहळू पुढं सरकतात.

दशसूत्रीत आरोग्य हेही एक सूत्र आहे. ते फक्त बैठकीत म्हणायचं नाही. ज्या ताईंना डॉक्टरांनी तपासणी किंवा ऑपरेशन सांगितलं आहे, त्यांनी चौथं पान सगळ्यात आधी लिहावं, आणि गटातल्या दोघींनी त्या दिवसांत तिच्या घरी एकेक चक्कर मारायचं ठरवावं. पुढच्या बैठकीला प्रत्येकीनं आपली वही घेऊन या. चारही पानं भरली नसली तरी चालेल, दवाखान्याचं आणि औषधाचं पान तेवढं भरून आणा. ज्यांना लिहायला मदत हवी, त्यांनी गावच्या सीआरपी ताईंना सांगा. मी येईनच.

आपली,
क्षेत्र समन्वयक